नाव नसलेलं बटण

आमच्या घरात देवाने एक विनोद करून ठेवला आहे. नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक आणि बायको जन्मापासून आंधळी. लोकांना हे कळलं की ते आधी हसू दाबतात आणि मग गप्प होतात. दाबलेलं हसू मला चांगलं ऐकू येतं, नाकातून सुटलेली हवा लपत नाही. मी म्हणते, हसा की मोकळेपणाने. आम्ही दोघं यावर इतकं हसून घेतलंय की नवीन कुणी हसलं तर सोबत मिळाल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आभार मानायची मला चीड आहे. जन्मभर लोकांनी मला नको असलेले रस्ते ओलांडून दिले आणि पलीकडे नेऊन 'थँक्यू'ची वाट बघत उभे राहिले. त्यामुळे कुणाचे मनापासून आभार मानायची वेळ आली की माझी जीभ अडते. आज ती अडू द्यायची नाही असं ठरवून हे लिहिते आहे.

माझी उभी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर झाली, पण जीव जडला तो रेडिओवर. गाणी ऐकायच्या रेडिओवर नव्हे, बोलायच्या. परवाना काढून माणसं आपापल्या घरून हवेवर एकमेकांशी बोलतात, तसा आमचा सकाळी सातचा एक गट आहे. गट मी चालवते. म्हणजे हजेरी घ्यायची, कुणी आधी बोलायचं, कुणी नंतर ते सांगायचं आणि कुणी फार पाल्हाळ लावलं तर गप्प बसवायचं. या शेवटच्या कामासाठीच मला नेमलंय असं आमचे हे म्हणतात. गटात एक कंपाउंडर आहेत, एक शिवणकाम शिकवणाऱ्या बाई आहेत, बस चालवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही स्टेअरिंग म्हणतो. आणि तारमास्तर आहेत.

तारमास्तरांचं आयुष्य तार ऑफिसात गेलं. निवृत्त झाले आणि घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पण बोटांना तारेची मोर्स, म्हणजे ठोक्यांची भाषा येत होती, म्हणून ते आमच्या गटात बोटांनी बोलतात. त्यांच्या लहानशा सेटवरून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, आखूड, लांब, आखूड, आखूड. ते ऐकून मी मोठ्याने सगळ्यांना सांगते. "तारमास्तर म्हणतायत, स्टेअरिंगने आज तरी मेहुण्याचा विषय काढू नये." असं म्हटलं की सगळे हसतात, आणि तारमास्तर हसल्याची त्यांची खूण पाठवतात.

गटात मोर्स समजणारी मी एकटीच, हौसेने शिकलेली. संगणकाला मोर्स वाचता येतं म्हणतात, पण म्हाताऱ्या माणसाचा थरथरता हात त्याला कळत नाही. कंपाउंडरांनी एकदा लावून पाहिलं, तर तारमास्तरांच्या अख्ख्या वाक्याचं त्याने 'टटटएटट' असं काहीतरी केलं. मला मात्र तो हात ओळखीचा आहे. कुठे थरथरेल तेही माहीत आहे.

तारवाल्यांची एक जुनी रीत आहे. बोलणं संपलं, निरोप झाला, की अगदी शेवटी दोन आखूड ठोके द्यायचे. टिट-टिट. समोरच्याने तसेच दोन परत द्यायचे. 'निघतो' आणि 'या' एवढाच त्याचा अर्थ. पण परतीचे दोन आल्याशिवाय जुना तारवाला उठत नाही. तारमास्तर तर मुळीच नाही.

तर असा आमचा संसार सुरळीत चालला असताना माझा रेडिओ जळला.

त्याला मी म्हातारा म्हणायची. पुढच्या बाजूला गोल गोल बटणं, फिरवली की कट कट वाजणारी. कुठलं बटण कुठे आहे हे कळावं म्हणून यांनी चष्म्याच्या काड्या चिकटवायच्या गोंदाचे थेंब त्यावर लावले होते. एके सकाळी हजेरी घेता घेता जळका वास आला आणि म्हातारा गप्प झाला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि इस्पितळातले डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात सांगितलं, "बाई, हा भाग आता कुठेच मिळत नाही."

मग आमचे भाऊजी मदतीला धावले. माझे धाकटे दीर. त्यांना नवीन वस्तूंचा भारी सोस. ते एक डबी घेऊन आले, साबणाच्या पेटीएवढी.

"वहिनी, हा घ्या रेडिओ."

मी डबी हातात फिरवली. चारही बाजूंनी गुळगुळीत. "बटणं कुठायत?"

"बटणं नसतात हो आता! सगळं सॉफ्टवेअरमध्ये. ही डबी फक्त हवेतलं पकडते आणि हवेत सोडते, बाकी सगळा रेडिओ संगणकात. पडद्यावर माउसने फिरवायचं. अहो, सगळी स्टेशनं एकदम दिसतात! रंगीत रेघा वरून खाली पडत राहतात, धबधबाच म्हणतात त्याला."

"छान," मी म्हटलं. "मला धबधबे फार आवडतात."

भाऊजी ओशाळले. पण त्यांचा हेतू चांगला होता आणि दुसरा उपाय तरी कुठे होता? संगणक मी रोज वापरते. पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर त्यात आहे, त्याला मी वाचकबाई म्हणते. मेल, बातम्या, बँक, सगळं ती मला वाचून दाखवते. रेडिओही वाचेल, असं समजून मी बसले. पुढच्या बटणावर नेणारा टॅब दाबला.

"बटण," वाचकबाई म्हणाली.

पुन्हा दाबला. "बटण."

पुन्हा. "नाव नसलेलं बटण. बटण. ग्राफिक. ग्राफिक. नाव नसलेलं बटण."

म्हणजे असं की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने प्रत्येक बटणावर सुंदर चित्र काढलं होतं आणि नाव द्यायचं विसरला होता. बघणाऱ्याला चित्रावरून सगळं कळतं. मला मात्र कुणीतरी एका खोलीत सोडून दार लावून घेतल्यासारखं झालं, आणि त्या खोलीत शंभर बटणं.

मग आमचे हे शेजारी बसायला लागले. दुकान उशिरा उघडून रोज सकाळी माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि माउस धरायचे. हे अत्यंत शांत गृहस्थ आहेत. पण रेडिओतलं यांना ओ की ठो कळत नाही आणि दुसऱ्याच्या हाताने रेडिओ लावणं म्हणजे दुसऱ्याच्या हाताने पाठ खाजवून घेणं आहे. "जरा डावीकडे." "एवढं?" "नाही, थोडं उजवीकडे." "आता?" "गेलं!" मोठ्या आवाजाची माणसं कशीबशी सापडायची. तारमास्तर एकदाही सापडले नाहीत. ज्या रेघेत ते असतील ती रेघ यांना दिसेचना.

कंपाउंडरांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तारमास्तर रोज येतात हो. बरंच काही पाठवतात. आम्हाला काही कळत नाही. आम्ही 'नमस्कार मास्तर' म्हणतो आणि पुढे जातो. शेवटी सगळे उठले की ते दोन ठोके देतात. मग थांबून परत दोन. परत दोन. ऐकवत नाही."

मी त्यांच्या सुनेला मेसेज केला. तिचं लगेच उत्तर आलं, 'बाबा बरे आहेत.' मुलगी गुणी आहे, सासऱ्याचं सगळं करते. पण 'बरे आहेत' म्हणजे काय बोलणं झालं? मोबाइलवर त्यांचं थरथरतं बोट भलत्याच अक्षरावर पडतं, म्हणून तो नाद त्यांनी सोडला होता. त्या घरात त्यांना जेवण होतं, औषध होतं, माया होती. स्टेअरिंगच्या मेहुण्यावर टोमणा मारायला फक्त मी होते. आणि मी बटण बटण करत बसले होते.

माझा पारा चढला. ते सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं होतं त्याचा पत्ता भाऊजींनी शोधून दिला आणि मी एक खरमरीत मेल पाठवली. उत्तर आलं ते इतकं नम्र की आणखीच राग आला. गृहस्थ दातांचे डॉक्टर होते, आमच्यासारखेच रेडिओचा परवाना काढलेले. दवाखाना बंद केल्यावर हौस म्हणून सॉफ्टवेअर लिहायचे आणि सगळ्यांना फुकट वापरायला द्यायचे. लिहिलं होतं, 'आपली अडचण नीट लक्षात आली नाही. कृपया पडद्याचा फोटो पाठवाल का?'

आंधळ्या बाईकडे फोटो! पण यांनी मुकाट्याने फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर, 'फोटो पाहिला. सगळं ठीक दिसतंय.'

"दिसणारच!" मी ओरडले. हे उठून चहा टाकायला गेले.

चहा पिऊन मी पुन्हा लिहिलं, या वेळी कमी शब्दांत. आमचा गट सकाळी सातला अमुक ठिकाणी असतो, त्यात एक माणूस आहे ज्याला माझ्याशिवाय आवाज नाही, आणि तुमच्या ठीक दिसणाऱ्या पडद्यामुळे तो मुका बसलाय. त्यावर डॉक्टरांनी कळवलं की उद्या सकाळी ते स्वतः आमचा गट ऐकतील, काय बिघाड आहे ते बघतील.

म्हटलं, बघा.

दुसऱ्या सकाळी व्हायचं ते झालं. सात वाजायला थोडा अवकाश होता. वाचकबाईचा आवाज यांनाही ऐकू यावा म्हणून स्पीकर मोठा केला होता, माइक समोर होता. यांनी कुठेतरी क्लिक केलं आणि म्हणाले, "लाल दिवा लागला."

"म्हणजे काय?"

"लाल म्हणजे बंद असणार. सिग्नलला लाल म्हणजे थांबा."

मला पटलं. रेडिओच्या जगात मात्र लाल म्हणजे तुम्ही हवेवर आहात, तुमचा शब्द न् शब्द बाहेर चाललाय. आणि आपण हवेवर असताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही. म्हणजे आम्हाला थांबवायचीही कुणाची सोय नव्हती. पुढची दहाएक मिनिटं सगळ्या गटाने जे ऐकलं ते कंपाउंडरांनी मला नंतर साग्रसंगीत म्हणून दाखवलं.

"बटण. बटण. नाव नसलेलं बटण."

"अहो, काही तरी करा, सात वाजत आले."

"अगं, ते निळं दाबून बघू का?"

"निळं म्हणजे कुठलं? माझ्यासाठी निळं आणि पिवळं सारखंच!"

"ग्राफिक. ग्राफिक. स्लायडर, शून्य. बटण."

"दातांचा डॉक्टर म्हणे! कवळीला तरी वर-खाली कळतं का याच्या?"

"हळू बोल गं."

"का हळू बोलू? कोण ऐकतंय? मला काही नको हो, मला फक्त म्हाताऱ्याचे ते दोन ठोके परत द्यायचेत. तेवढे देऊ द्या मला कुणीतरी."

"नाव नसलेलं बटण."

आणि मग, हे सांगायला मला आवडत नाही पण गटाने ऐकलंच आहे, मी रडले. मोठ्याने.

घरचा फोन खणाणला. कंपाउंडर होते. घसा खाकरून म्हणाले, "ताई, ते... तुम्ही हवेवर आहात."

मी संगणकाची वायरच उपटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. सूर्य वर येईपर्यंत मी स्वयंपाकघरात डबे पुसत बसले. सगळे स्वच्छच होते.

अकराच्या सुमाराला एक अनोळखी आवाज फोनवर आला. मागे दवाखान्यातलं ते दात कोरायचं यंत्र किरकिरत होतं.

"ताई, मी कवळीवाला डॉक्टर."

मी तिथेच खाली बसले.

"सकाळी मी ऐकत होतो. शेवटपर्यंत." ते म्हणाले. "मी तुमच्याकडे फोटो मागितला. मला खरंच कळलं नव्हतं हो, तुम्हाला काय ऐकू येतं ते. फोन ठेवल्यावर मी पडदा बंद करून माझंच सॉफ्टवेअर चालवून बघणार आहे. मग तुम्ही मला शिकवाल का?"

मी म्हटलं, "कवळीबद्दल माफ करा."

"ते खरंच होतं," ते म्हणाले, आणि तेव्हा आम्ही दोघं हसलो.

नंतर रोज दुपारी, त्यांच्या दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, त्यांचा फोन येऊ लागला. आधी बटणांना नावं आली. ती ऐकताना मला एखाद्या अनोळखी लग्नात कुणीतरी शेजारी बसून सगळ्यांची ओळख करून द्यावी तसं वाटलं. मग डॉक्टरांना उत्साहाचं भरतं आलं आणि त्यांनी प्रत्येक गोष्ट बोलती केली. काटा हलला, बोल. आवाज वाढला, बोल. वाचकबाई इतकी बडबडायला लागली की तिच्या गोंगाटात रेडिओच ऐकू येईना. मी म्हटलं, "डॉक्टर, आधी ती मुकी होती ते बरं होतं." ते खट्टू झाले नाहीत. "मग कधी बोलायचं तिने?" "मी विचारल्यावर. आणि तेही डाव्या कानात. उजवा कान माणसांचा."

तसं केलं त्यांनी. हवेवर गेलं की डाव्या कानात एक बारीक घंटा, परत आलं की दुसरी. तो लाल दिवा आता माझ्या घरात कुणाला फसवू शकत नाही. आणि एक दिवस फोनवर म्हणाले, "आता एक कळ दाबा आणि गप्प राहा." मी दाबली. कानात डावीकडून उजवीकडे सूर सरकत गेले. जिथे जोरात स्टेशन तिथे ठसठशीत सूर, जिथे अशक्त तिथे पुसट, मध्ये शांतता. भाऊजींचा तो धबधबा होता. मी तो ऐकत होते.

मी परत परत कळ दाबली. हे म्हणाले, "काय झालं गं?" मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला.

शेवटी कुरिअरने एक पुडकं आलं. आत एक मोठं गोल बटण होतं, वायर लावून संगणकाला जोडायचं, फिरवायचं. कट कट वाजणारं. मी त्यावरून बोट फिरवलं तर कडेला एक टणक, गुळगुळीत, तांदळाएवढा उंचवटा लागला. डॉक्टरांना फोन करून विचारलं, हे काय?

"खूण आहे. तुमच्या जुन्या रेडिओवर गोंदाचे थेंब होते म्हणालात ना? माझ्याकडे गोंद नाही. दातात भरतो ते सिमेंट लावलं. निघायचं नाही, गॅरंटी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बसले. हे शेजारच्या खुर्चीत होते पण हात मांडीवर ठेवून. मी कळ दाबली. सूर सरकत गेले आणि अगदी उजव्या टोकाला, सगळ्या गोंगाटाच्या पलीकडे, देवळातली घंटा थांबल्यावर कानात उरते तितकं काहीतरी होतं. मी बटण फिरवलं. सिमेंटचा थेंब बोटाखालून गेला, परत आला. आणि थरथरणारा तो हात आला.

"ते आहेत," मी म्हटलं.

हे पडद्याजवळ वाकले. "मला अजून काही दिसत नाही गं."

"नसू दे. आहेत ते."

मी गटाला हजर असल्याचं सांगितलं. एकच कल्ला झाला, स्टेअरिंगने तर बसचा हॉर्न तोंडाने वाजवला. मी सगळ्यांना गप्प केलं, ते माझं कामच आहे, आणि म्हटलं, "तारमास्तर, बोला."

शिट्टी सुरू झाली. मी एकेक शब्द मोठ्याने सांगू लागले. "तारमास्तर म्हणतायत, बटण. बटण. नाव नसलेलं बटण." सगळे हसत सुटले. मास्तरांनी हसल्याची खूण तीन वेळा पाठवली. मग हात जरा सावकाश झाला. "तारमास्तर म्हणतायत, त्या सकाळी मीही ऐकलं. तुम्ही रडलात. माझ्या दोन ठोक्यांसाठी कुणी रडेल असं वाटलं नव्हतं. म्हणून रोज येत राहिलो. आता विचारतायत, ते डॉक्टर ऐकतायत का?"

"ऐकतोय," डॉक्टरांचा आवाज आला. मागे यंत्र नव्हतं. दवाखाना उघडायला वेळ होता.

"तारमास्तर म्हणतायत, डॉक्टर, माझा घसा ज्याने कापला त्याने माझा जीव वाचवला, त्याला मी दुवा देतो. आज तुम्हालाही देतो. तुम्ही मला परत बोलकं केलंत."

मग मी बोलले. गटासमोर, हवेवर, शुद्धीत आणि लाल दिवा लागलेला आहे हे पक्कं माहीत असताना बोलले. "डॉक्टर, मी कुणाचे आभार मानत नाही. तुमचे मानते. मनापासून मानते. आणि माझ्या शेजारी एक चष्मेवाले बसलेत, त्यांनी इतके दिवस न दिसणाऱ्या रेघा शोधल्या, त्यांचेही." यांनी नाक ओढलं. यांना सर्दी लवकर होते.

मग स्टेअरिंगने मेहुण्याचा विषय काढला, तारमास्तरांनी त्याला सोडलं नाही, आणि गट नेहमीसारखा संपला. एकेक जण उठला. शेवटी ते दोन ठोके आले. टिट-टिट.

मी ठोके द्यायच्या कळीकडे हात नेला. पण माझं बोट पोचायच्या आत हवेत दुसरेच दोन ठोके वाजले. पहिला बरा होता. दुसरा इतका लांबला की तो ठोका राहिलाच नाही. हा हात मी कधी ऐकला नव्हता. कुणीतरी नवशिका होता, आणि घाबरलेला.

तारमास्तरांनी पुन्हा दिले, सावकाश, शाळेत मास्तर फळ्यावर गिरवून देतात तसे. टिट. टिट.

नवशिक्याने परत प्रयत्न केला. दुसरा पुन्हा लांबला.

मी माइकची कळ दाबली. डाव्या कानात घंटा वाजली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "दुसरा आखूड ठेवा. उद्या सातला परत."